तिसरी विहीर

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं गॅरेज.
नव्याण्णव सालची होंडा सकाळी आली,
आली म्हणजे, खोकत आली.
"उभी केली की थरथरते," तळवणेकर सिस्टर म्हणाल्या,
"आणि करपट वास येतो तेलाचा.
भाचा म्हणतो, इंजिन संपलं, भंगारात घाल."

मी बॉनेट उघडलं.
अशा वेळी काही बोलायचं नसतं.

चार वायरी, चार रबरी टोप्या.
पहिली सुटली कोरडी.
दुसरी निघताना
चिखलातून पाय निघावा तसा आवाज,
आणि टोकाला एक थेंब, तपकिरी, आळसावलेला.
तिसरी विहीर तर अर्धी भरलेली.
टॉर्च धरला, तर आत माझाच डोळा.

बस्त्यांव मेस्त्री असता तर ओरडला असता:
"थांब रे! आधी विहीर उपस, मगे प्लग काढ.
नायतर वयला तेल भितर जातला
आणि तू भितरल्याक दोष देतलस."
मी चिंधी शोधायला लागलो.
सिस्टरांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून
दहा मिलीची सिरिंज काढून दिली.
कशाला, ते विचारलं नाही.

ह्या गावात तेलं ओळखायला शिकावं लागत नाही.
तारल्यांचं तेल कपड्यांतून जात नाही,
काजूच्या टरफलाचं बोटांची सालं काढतं,
खोबरेल थंडीत झोपी जातं.
इंजिनचं तेल मात्र मुकं.
कुठून आलं ते सांगत नाही,
कुठे थांबलं, एवढंच दाखवतं.

दुसरा प्लग: चिनीमाती माखलेली,
पण टोक कोरडं, भाजल्या काजूगराच्या रंगाचं.
म्हणजे तेल वरून उतरलेलं.
कव्हर खोललं. नळीभोवतीची रबराची कडी
पंचवीस वर्षं ऊन-ऊन तेल सोसून
बांगडीसारखी कडक झालेली.
नखाने दाबली, तुटली.
"एवढंच?"
"एवढंच," म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

तिसरा प्लग वरही ओला,
आणि टोकालाही.
काजळात बुडवून काढल्यासारखा.

गेज लावला. सिस्टर बसल्या चावी फिरवायला.
एकशे सत्तर. एकशे पासष्ट.
तिसऱ्याला एकशे दहा.
चौथ्याला पुन्हा एकशे सत्तर.
मग तिसऱ्यात मी चमचाभर ताजं तेल सोडलं.
"तेलाने आजारी, आणि तेलच पाजतोस?"
"आकडा चढला तर रिंगा झिजल्यात.
नाही चढला तर दोष व्हॉल्व्हचा."
त्यांनी चावी फिरवली.
एकशे पन्नास.

आरवली, टांक, मोचेमाड,
रात्री-अपरात्री ह्याच गाडीने गेलेल्या बाई.
मागच्या सीटवर दोन पोरं जन्मली,
त्यातलं एक आता माझ्याकडून बाइकचं ऑइल बदलून नेतं
आणि घासाघीस करतं.

मी हात पुसत राहिलो, लागतो त्याहून जास्त वेळ.
नुसत्या कड्या बदलून सोडली असती,
तर हजारभर रुपयांत विहिरी कोरड्या,
गाडी गणपतीपर्यंत गप्प,
आणि माझंही नाव झालं असतं.

सिस्टर गेजकडे बघत होत्या.
"सांग," म्हणाल्या.
"मी पण अशीच हात पुसत उभी राहायचे,
रिपोर्ट आला की."

सांगितलं.
दुखणी दोन आहेत.
वरचं आज जाईल.
आतलं जाणार नाही,
हजार किलोमीटरला लिटरभर तेल पिईल,
पण चढ चढेल.
"किती वर्षं?"
"ते प्लग सांगत नाही."
त्या हसल्या. मग एका जुन्या, लसीकरणाच्या वहीत
तारीख, किलोमीटर, तेल, असे रकाने आखले.

संध्याकाळी गाडी निघाली, थरथर नव्हती.
चढावर मागे निळसर धूर, पातळ.
मासळीचा टेम्पो त्यातून आरपार गेला.

सिरिंज माझ्याकडेच राहिली.
रॉकेलने धुऊन ठेवलीय,
पान्यांच्या शेजारी.